लोकरीचे रंग: आधी उजेडात, मग सुईवर

सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने चार ओळी खालूनही उचलता येतो. दोन रंग एकमेकांत बुडाले तर मात्र उसवण्यावाचून इलाज नसतो, आणि ते लक्षात येतं तेव्हा पाठ अर्धी विणून झालेली असते. म्हणून रंगांचा निकाल टाके घालण्याआधीच लावायचा. त्याला एखादी दुपार जाते, पण पुढचे पंधरा दिवस वाचतात.

साताऱ्यात हे काम श्रावण-भाद्रपदात हाती घ्यावं. दिवाळीनंतर थंडी पडते, आणि रोज तासभर बसणाऱ्याला लहान मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर सावकाश विणायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय रंग शिकायला याच दिवसांत कास फुललेलं असतं. शहरापासून पंचवीस किलोमीटरवर, 2012 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे पठार विणणाऱ्याने एकदा तरी रंगांच्या वाटणीसाठी बघावं. सीतेची आसवं फुलतात तेव्हा निळा-जांभळा रंग जमिनीवर चादरीसारखा पसरतो. गेंदाचा पांढरा त्यात ठिपक्याठिपक्याने येतो. कवल्याचा पिवळा तर अगदी थोडा, पण नजर आधी तिकडेच जाते. लोकरीतही हेच लागू पडतं: एक रंग घरचा धनी, बाकीचे पाहुणे. तिन्ही रंग सारखेच घेतले की डोळा कुठेच ठरत नाही आणि स्वेटर पताकांच्या माळेसारखा दिसतो.

आता दुकानातलं. मोती चौकात खरेदीला गेलात तर दोन गुंड्या ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून पसंत करू नका. दुकानदाराला सांगून दारापर्यंत या आणि दिवसाच्या उजेडात बघा. आतल्या उजेडात काळी वाटलेली लोकर बाहेर गडद निळी निघते, आणि आत जुळलेले दोन करडे बाहेर एक हिरवट, एक तांबूस होतात. खरेदी सकाळी किंवा दुपारी करावी. दिवे लागल्यावर घेतलेल्या रंगाची खात्री नाही.

मग मोबाइलवर दोन्ही गुंड्यांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करा. ही परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. फोटोत दोन्ही गुंड्या एकाच राखाडी रंगाच्या दिसल्या तर बारीक नक्षीसाठी ती जोडी सोडा. डाळिंबी आणि बाटलीहिरवा ही नेहमी फसवणारी जोडी. हातात घेतली की उठून दिसते, पण दोन्ही गडद असल्यामुळे चार हातांवरून नक्षी गायब होते. अबोली आणि आकाशीचंही तेच, फक्त दोन्ही फिके. नक्षी दिसते ती गडद-फिक्याच्या अंतरामुळे. लाल की हिरवा हा प्रश्न त्यानंतरचा. रुंद पट्ट्यांना हा नियम थोडा सैल चालतो. एक टाका हा, एक टाका तो अशा विणीत मात्र तो कडक पाळा. आणखी एक: जांभळा आणि पिवळा रुंद पट्ट्यांत झळकतात, पण एकाआड एक टाक्यांत लांबून मिसळून मळकट दिसतात.

लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या खेपेचा क्रमांक, वाचा. एकाच रंगाच्या, एकाच शेड नंबरच्या गुंड्यांतही लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती विणल्यावरच कळते. धनी रंगाची सगळी लोकर एकदम घ्या. दोन लॉट हाती आलेच तर दोन ओळी एका गुंडीच्या, दोन दुसरीच्या अशा संपूर्ण भागभर घ्या, म्हणजे आडवी रेघ पडत नाही.

बाजारात ज्याला आपण लोकर म्हणतो ती बरीचशी ॲक्रिलिक असते. ओळखायला बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा: खरी लोकर जळक्या केसांसारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. माण-खटावच्या मेंढरांची लोकर खरी, पण भरड. ती घोंगडीची, अंगालगत टोचते. शाळेत रोज घालायला ॲक्रिलिक धुवायला सोपं. पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत खऱ्या लोकरीचं मिश्रण घ्यावं, ऊब जास्त मिळते.

घरी आल्यावर लगेच टाके घालू नका. लग्नपत्रिकेचा जाड कागद तीन बोटं रुंद कापा आणि त्यावर लोकर शेजारी-शेजारी गुंडाळा, ज्या क्रमाने पट्टे यायचेत त्याच क्रमाने. दहा ओळींच्या पट्ट्याला दहा वेढे, दोनला दोन. पाच मिनिटांचं काम. अशा चार-पाच पट्ट्या करून त्या खिडकीत ठेवा, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली अशा तीनदा बघा. तिन्ही वेळा आवडेल ती घ्यायची. मोतिया, बदामी किंवा करडा यातला एखादा शांत रंग दोन भडक रंगांमध्ये दोन वेढे घालून बघा. भांडणारे रंग बऱ्याचदा तेवढ्याने निवळतात. पट्ट्या टाकू नका. मागे लॉट नंबर आणि सुईचा नंबर लिहून डब्यात ठेवल्या की पुढच्या वर्षीची खरेदी निम्म्या वेळात होते.

लाल, मरून, गडद निळा पांढऱ्याशेजारी येणार असेल तर वीतभर धागा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात गुंडाळून दाबा. रुमालाला डाग पडला तर ती जोडी करू नका. रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगरवर विसंबू नये.

एक उदाहरण घेऊ. चार-पाच वर्षांच्या मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर, छाती 60 सेंमी, लांबी 39 सेंमी. धनी गडद जांभळा, पाहुणे पांढरा आणि हळदी पिवळा. लोकर मध्यम जाडीची, 100 ग्रॅमला साधारण 240 मीटर भरणारी. बॉर्डरला 10 नंबरच्या सुया, अंगाला 8 नंबरच्या. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर मोठा तितकी सुई बारीक, हे नवीन माणसाने ध्यानात ठेवावं: 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 8 नंबर म्हणजे चार.

आधी नमुना. 8 नंबरवर 30 टाके घालून एक ओळ सुलट, एक उलट असा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग मधले 10 सेंमी मोजा. रुंदीत 22 टाके आणि उंचीत 30 ओळी यायला हव्यात. टाके जास्त आले तर सुई एक नंबर जाड घ्या, कमी आले तर बारीक. कडेचे टाके मापात धरू नका, ते नेहमी सैल असतात. न धुता मोजलेला नमुना फसवतो, कारण धुतल्यावर टाके बसतात. या मापाच्या 10 बाय 10 सेंमी चौकोनाला सुमारे चार ग्रॅम लोकर लागते. त्यावरून हिशेब केला की धनी रंग 125 ग्रॅम आणि पाहुणे प्रत्येकी 25 ग्रॅम पुरतात.

10 नंबरवर जांभळ्याने 74 टाके घाला. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी 5 सेंमी बॉर्डर विणा. खालची बॉर्डर गडदच हवी. फिक्या बॉर्डरवर बाकाचा, मातीचा मळ पहिल्या आठवड्यातच दिसतो. मग 8 नंबरवर येऊन सुलट-उलट ओळींनी असा क्रम धरा: 10 ओळी जांभळ्या, 2 पांढऱ्या, 6 जांभळ्या, 2 पिवळ्या. वीस ओळींचा हा फेरा. दोन फेरे पूर्ण आणि तिसऱ्याच्या 18 ओळी, म्हणजे 58 ओळी झाल्या की मुंढा, म्हणजे हात घालायची खाच, येतो. इथे पुढच्या दोन ओळी पिवळ्या यायला हव्यात, पण मुंढ्याचे टाके पिवळ्याने बंद करू नका. नंतर मुंढ्याची पट्टी उचलताना जांभळ्यातून पिवळे ठिपके डोकावतात. त्या दोन ओळी जांभळ्याच घ्या आणि पिवळा त्याच्यावर चढवा. पाठ आणि पुढचा भाग दोन्हींकडे असंच केलं की शिवताना पट्टे जुळतात. शिवणीत प्रत्येक कडेचा एक टाका जातो आणि घेर साडेपासष्ट सेंमीच्या आसपास राहतो. आत शर्ट आरामात बसतो.

पट्टे सम ओळींचे ठेवण्याचं कारण साधं: धागा त्याच कडेला परत मिळतो. एकेका ओळीचे पट्टे हवे असतील तर तीन रंग घ्या. मग कुठल्याही कडेला पुढचा धागा वाट बघत असतोच, दोन रंगांत मात्र तो पलीकडे अडकतो. थांबलेला धागा चार ओळींपर्यंत तसाच वर न्यावा. आपल्या क्रमात पांढरा आणि पिवळा प्रत्येकी 18 ओळी थांबतात. तेवढा धागा ओढून वर नेला तर कड आखडते आणि भाग एका बाजूला वर चढतो. एक रंग दर दुसऱ्या ओळीला जांभळ्याशी पिळून वर न्या, दुसरा तोडा. दोन्ही चढवले तर कड जाड होऊन शिवण उठते. तोडताना 12 सेंमी शेपूट ठेवा आणि ती उलट बाजूने स्वतःच्याच रंगाच्या टाक्यांत तिरकी ओवा.

नवा रंग सुलट बाजूने, सुलट ओळीतच सुरू करा. बॉर्डरमध्ये रंग बदलायचा असला तरी नव्या रंगाची पहिली ओळ पूर्ण सुलट विणा आणि दुसऱ्या ओळीपासून एक टाका सुलट, एक उलट धरा. नाहीतर प्रत्येक उलट टाक्यावर जुन्या-नव्या रंगाचा तुटक ठिपका येतो. बॉर्डरच्या ताणात त्या एका ओळीने फरक पडत नाही.

एका ओळीत दोन रंगांची नक्षी घ्यायची तर तिची दुखणी वेगळी. मागून जाणारा आडवा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब सोडू नका. लांब असेल तर मध्येच विणत्या धाग्यात अडकवा, नाहीतर मुलाची बोटं त्यात गुंततात. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवून घ्या आणि मगच दुसरा धागा आणा. तो घट्ट राहिला तर कापड सुरकुततं, आणि धुऊन ते सुटत नाही. नक्षीचा भाग तसाही आखडतो, म्हणून तेवढ्यापुरती एक नंबर जाड सुई. एक धागा कायम वरून आणि दुसरा कायम खालून आणा. खालून येणारा रंग जास्त उठतो, तेव्हा नक्षीचा रंग खालून घ्या. मध्येच अदलाबदल झाली की त्या ओळीपासून नक्षी फिकी पडते आणि कारण सापडत नाही.

रोजच्या दिवसात सुयांवर दोन कामं असावीत, जास्त नकोत. एक साधं, एकरंगी, एसटीत किंवा टीव्हीसमोर न बघता होणारं: मफलर, कानटोपी. दुसरं रंगाचं, ते दिवसाउजेडी खिडकीशी बसून. रात्री जांभळा आणि काळा वेगळा ओळखू येत नाही. ओळीच्या मध्यात काम ठेवू नका. सुईवर ताणून राहिलेले टाके सैल होतात आणि तिथे उभी फट दिसते. उठण्याआधी ओळीचा आकडा वहीत लिहा, सोबत कुठला रंग चालू आहे तेही.

लोकर संपत आली की अंदाजाला एक माप आहे. सुलट-उलट विणीच्या एका ओळीला विणीच्या रुंदीच्या तिप्पट धागा जातो. आपल्या 74 टाक्यांना साधारण एक मीटर. पांढरा दीड मीटरच उरला असेल तर दोन ओळींची जोडी सुरू करू नका. टाके बंद करायला रुंदीच्या चौपट हाताशी ठेवा.

विणून झाल्यावर ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. धागा मरतो, कापड लोंबकळतं आणि ते पुन्हा उभं राहत नाही. कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मापावर पसरून आडवं वाळवा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर खांद्यापासून लांबतो. पावसाच्या दिवसांत वाळायला दोन-तीन दिवस लागतात; पंखा लावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नका.