पार्टिशन चुकून डिलीट झालं? आधी हात आवरा
विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये भलत्याच पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) डिलीट व्हॉल्यूम दाबलं गेलं की तिथे काळ्या पट्टीचं अनअलोकेटेड (म्हणजे न वाटलेली जागा) दिसतं आणि पोटात गोळा येतो, पण डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, गेलेली असते ती फक्त पार्टिशन टेबलमधली (कुठला भाग कुठे आहे त्या यादीतली) नोंद. म्हणून त्या जागेत नवीन पार्टिशन करायचं नाही, फॉरमॅट करू का असं विंडोजने विचारलं तर कॅन्सल, आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) तर अजिबात नको. एसएसडी असेल तर जरा घाई करा, ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा एसएसडी आतून मोकळी करते त्यामुळे) डेटा खरंच पुसला जाऊ शकतो.

आता टेस्टडिस्क हे हरवलेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, दिसायला जुनाट पण कामाचं. ते दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवा, डिस्क निवडा (साइज बघून, नाहीतर एकाचे दोन घोळ), मग अ‍ॅनलाइज आणि क्विक सर्च. पार्टिशन सापडलं की लगेच राइट (ती नोंद डिस्कवर परत लिहिणं) करू नका, पी दाबून आतल्या फायली दिसतात का बघा, आणि महत्त्वाच्या असतील त्या तिथूनच सी दाबून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. नाहीच सापडलं तर डीपर सर्च, याला मोठ्या डिस्कवर तासन्‌तास लागतात. सगळं नीट दिसलं तरच राइट, मग रीस्टार्ट.

डिस्क खटखट आवाज करत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, बंद करून रिकव्हरीवाल्याकडे द्या.