हिरवं पाणी नितळ करायचं तर: शुक्रवार संध्याकाळपर्यंतची तयारी

पोहायचा टँक हिरवा झाला की घरातलं कुणीतरी पहिल्यांदा क्लोरीनचा कॅन आणायला पळतं. कॅन ओतला जातो, सकाळी पाणी जरा फिकं दिसतं, आणि दोन दिवसांत पुन्हा होतं तसंच. क्लोरीन शेवाळ मारतं, पण मेलेलं शेवाळ पाण्यातून उचलून बाहेर टाकायचं काम फिल्टरचं असतं. ही दोन्ही कामं एकदा सुरू केली की तीन-चार दिवस, पाणी फारच बिघडलं असेल तर आठवडाभर, खंड न पाडता चालवावी लागतात. मधेच औषध संपलं किंवा पंप बंद पडला, तर उरलेलं शेवाळ पुन्हा वाढतं आणि आधी ओतलेलं सगळं वाया जातं. म्हणून खालचं सगळं हाताशी आल्याशिवाय पहिला मगही ओतू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सुरुवात कधी करायची ते आधी ठरवा. आपल्याकडे कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, पन्हाळा रोड अशा बाजूंच्या बंगल्यांतले आणि फार्महाऊसवरचे टँक जूनमध्ये बंद होतात ते बहुतेक पाडव्याच्या आसपासच आठवतात. मधल्या काळात पावसाचं पाणी, पालापाचोळा, गळीत हंगामात उडून आलेली उसाची काजळी आणि शेजारच्या फडातल्या खतमातीची धूळ, असं शेवाळाला हवं ते सगळं त्यात जमा झालेलं असतं. सुट्टीला पाहुणे येणार असतील तर निदान दहा दिवस आधी हात घाला. वळवाची लक्षणं असतील तर तो पाऊस पडून जाऊ द्या, कारण एक वळीव दिवसभराची मेहनत मातीत घालतो. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात केली तर शनिवार-रविवार लक्ष द्यायला माणसं घरी असतात. क्लोरीन संध्याकाळीच टाकायचं, कारण दुपारचं ऊन ते झपाट्यानं खाऊन टाकतं.

विजेची चौकशी करा. पंप पहिले काही दिवस चोवीस तास चालायला हवा. फार्महाऊसला शेतीपंपाची जोडणी असेल आणि वीज ठरावीक तासच येत असेल, तर त्या वेळा लिहून घ्या आणि औषधाच्या वेळा त्यांना जुळवा. औषध टाकल्यावर पाणी फिरलंच पाहिजे.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मी जराही तडजोड करणार नाही. आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, विहिरीचं पाणीही हिरवंच असायचं की, आम्ही त्यातच पोहायला शिकलो. खरं आहे. पण विहिरीत पोरगं उतरलं की काठावर जाणता माणूस बसलेला असायचा, आणि विहीर धोक्याची आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचं. घरच्या टँकला कुणी घाबरत नाही. गढूळ हिरव्या पाण्यात चार फुटांवर बुडालेलं मूल काठावरून दिसत नाही. त्यामुळे तयारीच्या यादीत पहिलं नाव कुलुपाचं. टँककडे जाणारं फाटक बंद करा, कुंपण नसेल तर दोरी बांधा आणि घरातल्या मुलांना, कामावरच्या ताईंना, माळीमामांना स्पष्ट सांगा की तळाच्या निचऱ्यावरची जाळी काठावरून लख्ख दिसेपर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही. पंपाच्या खोलीतली अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा ब्रेकर इलेक्ट्रिशियनकडून याच आठवड्यात तपासून घ्या.

महिनोन् महिने साचलेल्या पाण्यात बेडूक असतात, कधी पाणदिवडही असते. स्किमरच्या (काठावरून तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या खाचेच्या) टोपलीत उघडा हात घालू नका, आधी काठीनं हलवून बघा. डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर ते औषधाआधी काढून दुसऱ्या हौदात ठेवा, क्लोरीनमध्ये ते जगणार नाहीत.

पाणी कशामुळे हिरवं झालंय हे पांढऱ्या बादलीत कळतं. बादलीभर पाणी घ्या, त्यात चमचाभर लिक्विड क्लोरीन टाका आणि काही तास सावलीत ठेवा. हिरवेपणा जाऊन राखाडी, दुधट झालं तर शेवाळ. तांबूस-तपकिरी झालं तर बोअरच्या पाण्यातलं लोह, त्याचा उपाय वेगळा. पाणी हिरवं असूनही काचेसारखं आरपार दिसत असेल, तर बहुधा त्यात तांबं उतरलंय. हे तांबं पुष्कळदा आपणच घातलेलं असतं. द्राक्षबागेची सवय असलेली माणसं टँकमध्येही मोरचूद टाकतात. त्यानं शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यातच राहतं, प्लास्टरवर डाग पाडतं, केसांना हिरवट झाक आणतं, आणि ते पाणी ओढ्याला गेलं तर तिथले मासे मरतात. मोरचूद यादीत नको.

मग मोजमाप. टेपनं लांबी, रुंदी आणि दोन्ही टोकांची खोली घ्या, सरासरी खोली काढा, तिघांचा गुणाकार करून हजारानं गुणा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल टँकमध्ये ४४,८०० लिटर पाणी मावतं. सोयीसाठी ४५,००० धरू. हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक डोस त्याच्यावरच ठरतो.

तपासणीचा संच घ्याच. थेंबांनी पिवळा रंग देणारा स्वस्त संच फक्त एकूण क्लोरीन सांगतो. मोकळं, म्हणजे अजून खर्च न झालेलं क्लोरीन वेगळं दाखवणारा डीपीडीचा संच थोडा महाग पडतो, पण या कामाला तोच हवा. शिवाय पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची क्षमता) आणि सायन्युरिक आम्ल मोजता आलं पाहिजे. या शेवटच्या नावाकडे आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि निम्मे टँक त्याच्यामुळेच साफ होत नाहीत असं मला वाटतं. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून ते ३० ते ५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असावं. पण टीसीसीएच्या, म्हणजे हे आम्ल सोबत आणणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या वर्षानुवर्षं टाकत राहिलं की ते साठत जातं. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत सुमारे ६ पीपीएम हे आम्लही जातं. क्लोरीन उडतं, ते मात्र मागे राहतं आणि क्लोरीनला बांधून ठेवतं. शेवाळ मारण्यासाठी मोकळं क्लोरीन या आम्लाच्या साधारण ४० टक्के ठेवावं लागतं. म्हणजे आम्ल ३० असेल तर १२ पीपीएम पुरतं, १०० असेल तर ४० लागतं, आणि तेवढं टिकवणं खिशाला परवडत नाही. अशा वेळी निम्मं पाणी बदलणं स्वस्त पडतं, कारण हे आम्ल कमी करायचा दुसरा सोपा मार्ग नाही.

सगळं पाणी मात्र काढू नका. आपल्याकडे पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी बरंच वर असतं. रिकाम्या टँकला ते खालून रेटतं, फरशा उचकटतात, तळाला तडे जातात, आणि फायबरचा टँक असेल तर तो जागेवरून उचललाही जातो. बदलायचंच असेल तर उन्हाळ्यात, थोडं थोडं. बोअर आटलेला असेल तर टँकरची सोय आधी बघा.

खरेदी करताना हा हिशोब लावा. दहा टक्क्यांच्या एक लिटर लिक्विड क्लोरीनमध्ये साधारण १०० ग्रॅम क्लोरीन असतं. ४५,००० लिटरला १२ पीपीएम करायला ५४० ग्रॅम, म्हणजे साडेपाच लिटर लागतं. हा झाला पहिला डोस. शेवाळ त्यातलं बरंच खाऊन टाकणार, त्यामुळे तीन-चार दिवसांसाठी याच्या चार-पाचपट माल घरात हवा. कॅन ज्या दुकानात रोज खपतो तिथूनच घ्या आणि तारीख बघा, कारण उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद आठवड्यांत उतरते. पुढच्या महिन्याचा साठा आता करू नका. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट ६५ टक्क्यांचं मिळतं. त्याचे ८३० ग्रॅम तेवढंच काम करतात, पण बोअरचं पाणी आधीच जड असेल तर त्यानं पाणी अजून जड होतं. मला या कामासाठी लिक्विडच बरं वाटतं, त्यातून गोळ्यांसारखं नको असलेलं सायन्युरिक आम्लही येत नाही. सोबत पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक आम्ल, अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा आणि दोन-तीन किलो तुरटी घ्या.

आणताना आणि ठेवताना जीव जाऊ शकतो, म्हणून हे नीट वाचा. आम्ल आणि क्लोरीन एका गाडीच्या डिकीत, एका कपाटात, एका बादलीत कधीही येता कामा नये. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो, त्यामुळे दोन्हींना एकच मग किंवा एकच डोसर वापरू नका. पाण्यात औषध टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. रबरी हातमोजे, चष्मा, जुने कपडे आणि प्रत्येक औषधाला वेगळा प्लास्टिकचा मग, हे सगळं खरेदीच्याच पिशवीत असू दे.

आता फिल्टर. पंपाची गाळणी काढून धुवा. पंप आवाज करत असेल किंवा सीलमधून पाणी गळत असेल तर शिवाजी उद्यमनगरात नेऊन याच आठवड्यात दुरुस्त करून आणा, शनिवारी रात्री मिस्त्री मिळत नाही. वाळूच्या फिल्टरचं झाकण उघडून वाळू बघा. गोळे झाले असतील, मधून खड्डा पडला असेल किंवा वाळू सहा-सात वर्षांची झाली असेल तर बदला. प्रेशर गेज चालतं का ते पाहा, बंद असेल तर नवीन बसवा. बॅकवॉश करून, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवून, फिल्टर स्वच्छ असतानाचं प्रेशर लिहून ठेवा. त्यापेक्षा अर्धा किलोनं (प्रति चौरस सेंटिमीटर) वर गेलं की पुन्हा बॅकवॉश. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्यापूर्वी पंप बंद करायचा, दर वेळी. बॅकवॉशचं पाणी कुठे जाणार तेही ठरवा. क्लोरीनचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका, खड्ड्यात साठवून क्लोरीन उतरल्यावर मुरू द्या.

धीर का लागतो, ते इथेच समजून घ्या. पंप तासाला १०,००० लिटर फिरवत असेल तर ४५,००० लिटरची एक फेरी साडेचार तासांची. पण गाळलेलं पाणी न गाळलेल्यातच मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीत फक्त ६३ टक्क्यांच्या आसपास पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं. म्हणूनच पाणी निळसर-दुधट झालं की तिथेच दिवसेंदिवस अडकल्यासारखं वाटतं. शेवाळ मेलेलं असतं, बाहेर निघायचं असतं.

लांब दांड्याची जाळी, ब्रश, व्हॅक्यूमचं तोंड आणि न फाटलेला पाइप, इतकी हत्यारं पुरतात. फरशीला नायलॉनचाच ब्रश वापरा.

शुक्रवारी दुपारी जाळीनं पाला काढा, नाहीतर क्लोरीन पाल्यावरच खर्च होतं. पाण्याची पातळी स्किमरच्या मध्यापर्यंत आणा. पीएच क्लोरीनच्या आधी मोजा, कारण क्लोरीन फार असलं की रंग चुकीचा दिसतो. तो ७.२ च्या आसपास आणा. सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात ७.२ ला क्लोरीनचा दोन तृतीयांश भाग मारक रूपात असतो, तर ८ ला जेमतेम पाव. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा-अर्धा लिटर टाकून, तासभर पाणी फिरवून, पुन्हा मोजा. अल्कलिनिटी ८० च्या खाली असेल तर खायचा सोडा टाका. या टँकला पाऊण किलो सोडा ती १० पीपीएमनं वाढवतो. सूर्य मावळल्यावर पाणी आत येतं त्या तोंडासमोर क्लोरीन हळूहळू ओता आणि भिंती, कोपरे, शिडीच्या मागची बाजू ब्रशनं घासा. शेवाळाचा थर फुटल्याशिवाय औषध आत पोचत नाही. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ मोजणं, कमी पडलेलं क्लोरीन भरणं, घासणं, बॅकवॉश.

तुरटी शेवटची, आणि हिरवेपणा पूर्ण गेल्यावरच. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. टँकचं पाणी भरलेल्या तीन लिटरच्या बाटल्या, म्हणजे एकेक लिटरच्या तीन, ओळीनं ठेवा आणि सिरिंजनं त्यात या द्रावणाचे २, ४ आणि ६ मिलिलिटर घाला. हलवा, तासभर ठेवा. ज्या बाटलीत कमीत कमी द्रावणात गाळ खाली बसेल तो तुमचा डोस. चार मिलिलिटरची बाटली नितळली तर लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४५,००० लिटरला १.८ किलो. ही तुरटी बादल्यांत विरघळवून सगळीकडे पसरा, फिल्टरला वळसा देऊन अर्धा तास पाणी फिरवा आणि पंप रात्रभर बंद ठेवा. सकाळी तळाचा गाळ ढवळू न देता व्हॅक्यूमनं थेट बाहेर सोडा, वाळूतून नेला तर वाळू गच्च होते. यात काही हजार लिटर पाणी जाईल, ते भरायची सोय आधीच केलेली असू दे.

काम संपलं हे ठरवायला तीन खुणा बघा. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते. रात्री मोजलेलं मोकळं क्लोरीन सूर्योदयापूर्वी मोजल्यावर एक पीपीएमहून जास्त उतरलेलं नसतं. आणि एकूण क्लोरीनमधून मोकळं वजा केल्यावर अर्ध्या पीपीएमहून कमी उरतं. तिन्ही जुळल्यावर क्लोरीन नेहमीच्या पातळीला येऊ द्या, पीएच पुन्हा बघा. पाण्यात आधी घरातला पोहणारा मोठा माणूस उतरेल, तळ, शिडी आणि निखळलेल्या फरशा पायानं तपासेल. मुलं त्यानंतर. त्या दिवशी संध्याकाळी क्लोरीन पुन्हा मोजा, कारण दहा पोरं दुपारभर डुंबली की ते सकाळच्या आकड्यावर राहत नाही.