१९१२ सालची तार नाटकासाठी कशी लिहावी

नाटकात १९१२च्या आसपासची तार दाखवायची असेल, तर आधी पैशांचा हिशेब मांडा, मजकूर नंतर. पहिल्या महायुद्धाआधी देशातल्या देशात साध्या तारेला १२ शब्दांपर्यंत ६ आणे पडत, पुढे शब्दाला अर्धा आणा. एक्सप्रेस तारेचा कमीत कमी दर १ रुपया. या १२ शब्दांत पत्ताही आला, आणि नाटककार हमखास चुकतात ते इथेच.

गिरगावातून चिपळूणला गेलेली तार अशी बसते:

जोशी केअर गोखले वकील चिपळूण
फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली वायर डिपार्चर
विष्णू

मोजा, बरोबर १२. पत्त्यात वकील घातला, कारण तारवाल्याला तो लगेच सापडतो. घरच्यांना पाठवणारा कळणारच असेल, तर ‘विष्णू’ गाळून एक शब्द वाचवा. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता फॉर्मच्या तळाशी वेगळं लिहीत. ते तारेतून जात नसे, त्याचे पैसेही पडत नसत. ‘प्लीज’ नको. वाक्यागणिक ‘स्टॉप’ तर नकोच. तोही शब्द म्हणून मोजला जाई, आणि सहा आणे मोजून देणारा कारकून तो कशाला लिहील?

कागदावर मात्र मजकूर रोमन अक्षरांत लिहा. देवनागरीतल्या तारा १९४९ पासूनच्या. आकडे शब्दांत लिहिलेले बरे: तारेच्या मोर्स लिपीत ६ म्हणजे एक डॅश आणि चार डॉट. डॅशनंतर हात जरा रेंगाळला, की पलीकडे ‘टी’ आणि ‘एच’ अशी दोन अक्षरं ऐकू येतात.

गावात तारऑफिस नसेल, तर जवळच्या ऑफिसापर्यंत तार आणि तिथून पुढे टपाल किंवा जासूद. म्हणजे पात्राच्या हातात ती उशिरा पडू द्या. जुलैत ‘कमिंग बाय स्टीमर’ लिहू नका, पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत.

रंगमंचावरचा कागद हाताने लिहिलेला हवा. लहान ऑफिसात तारमास्तर साउंडरची, म्हणजे मोर्सचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राची, टकटक ऐकत मजकूर उतरवून घेई. वरच्या ओळीत पाठवणारं ऑफिस, वेळ आणि शब्दसंख्या येई. ही संख्या शोभेची नव्हे: उतरवलेले शब्द तिच्याशी जुळले नाहीत, तर परत विचारावं लागे. तेव्हा वर १२ आणि खाली ११, असं होऊ देऊ नका.

पात्र कापसाचा व्यापारी असेल आणि तार लिव्हरपूलला जायची असेल, तर मामला निराळा. समुद्रापार शब्दाचा दर जबर, म्हणून संकेतपुस्तकं वापरत. बेंटलीच्या १९०६च्या पुस्तकात अख्ख्या वाक्याला पाच अक्षरांचा एक शब्द असे. असे दोन जोडून दहा अक्षरांचा शब्द करत, आणि पैसे मात्र एकाच शब्दाचे पडत. पेढीचा पत्ताही नोंदवलेला, एका शब्दाचा. अशा तारेत वाचता येईल असं एकही वाक्य ठेवू नका. अर्थ मुनीम पुस्तक उघडून सांगेल.