काडतुसांचा लाकडी ठोकळा: या चुका टाळा

ओहायोतल्या घराच्या गराजमध्ये मी गेली बारा वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय. (भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी यातलं काही घरी करायला जाऊ नये.) हल्ली आपली मराठी मुलंही नेमबाजीच्या रेंजवर दिसतात, रिलोडिंगचं विचारतात, आणि मला आनंद होतो. पण दर वेळी तेच दिसतं. पुंगळीत गोळी दाबून बसवायची प्रेस महागातली, दारू तोलायचा काटा डिजिटल, आणि पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, दारू भरताना उभ्या करायला बुटाच्या खोक्याचं झाकण! कारण ठोकळा, म्हणजे पन्नास भोकांची लाकडी फळी, त्यांना नुसतं स्टँड वाटतं. पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांच्या तोंडात एकाच वेळी डोकावता यावं म्हणून तो असतो, हे एकदा पटलं की पुढच्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

नावावरून भोक पाडणं. ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय की आता ड्रिल सुरू करायच्या आधीच हात धरतो. रिव्हॉल्व्हरचं .३८ स्पेशल काडतूस आहे ना, म्हणजे .३८ इंच, मग ३/८ इंची बिट चालेल, असा हिशोब. ३/८ म्हणजे .३७५ इंच, आणि या पुंगळीचं अंगच .३७९ आहे. बूड तर त्याहून रुंद, .४४० इंच. एका मुलाने अशी पन्नास भोकं पाडून आणली होती, सुंदर मेपलमध्ये, गुण्या लावून आखलेली. एकही पुंगळी बसेना. भोक ठरतं ते बुडाच्या कडेवरून, काडतुसाच्या नावावरून नाही. हातात व्हर्नियर घ्या, कड मोजा, वर साधारण अर्धा मिलिमीटर धरा. .३८ला साडेअकरा मिलिमीटर, .२२३ रेमिंग्टनला दहा, ९ मिमीला १३/३२ इंच. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .४५ एसीपी ही दिसायला एकमेकांपासून किती वेगळी, पण तिघांची बुडं जवळपास सारखी. अर्ध्या इंचाचा एकच ठोकळा तिघांना चालतो. भोक सैल झालं तर पुंगळी कलते आणि दारू सांडते. घट्ट झालं तर उपसताना हिसका बसतो आणि शेजारच्या चार सांडतात. माझ्या मते घट्ट जास्त वाईट.

घट्टपणाचं दुसरं कारण ओलं लाकूड. बांधकामाच्या पाइनमध्ये १९ टक्क्यांपर्यंत ओल चालते, आणि हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात लाकूड ६-८ टक्क्यांवर येतं. ते शिरांच्या आडव्या दिशेने आकसतं, भोक लंबगोल होतं, आणि ऑक्टोबरात सहज बसणारी पुंगळी जानेवारीत अडकते. फळी आणून महिनाभर घरात ठेवा. घाई असेल तर विकतचा ठोकळा घ्या, पण ओल्या लाकडावर शनिवार घालवू नका.

साध्या बिटने भोकाचा तळ शंकूसारखा होतो. सपाट तळाचं भोक पाडणारा फोर्स्टनर बिट वापरा आणि ड्रिल प्रेसला खोलीचा अडसर लावा. खोली पुंगळीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पुरे, नाहीतर ९ मिमीची १९ मिलिमीटरची पुंगळी बोटात सापडत नाही. दोन भोकांमध्ये बोट जाईल एवढी जागा सोडा. तळाला फेल्ट चिकटवू नका, त्यात दारूचे कण अडकून बसतात. भुसा फुंकून काढा, ब्रशने काढा, मग परत ब्रशने काढा. तेलाचं पॉलिश भोकांच्या आत नको, प्राइमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) तिथेच टेकतो आणि तेल प्राइमरचा शत्रू आहे. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटते. दोरीवर पसरून वाळवा.

आता खरी गोष्ट, दुहेरी भरण्याची, म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू पडण्याची. .३८ स्पेशल १८९८ सालचं. तेव्हाच्या काळ्या दारूला जागा लागायची म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची दारू तळाशी चिमूटभर असते. दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, गोळी वर नीट बसते, काडतूस बाहेरून अगदी चांगलं दिसतं.

चौथं वर्ष होतं माझं. रात्री साडेनऊला, म्हणजे सांगलीत सकाळी सातला, आईचा फोन आला. तिसरी ओळ भरून झाली होती. दहा मिनिटं बोललो, परत आलो, आणि भरायला लागलो. साऱ्या पुंगळ्या तोंड वर करून ठेवलेल्या, भरलेल्या आणि रिकाम्या तिरक्या नजरेला सारख्याच. गोळ्या बसवायच्या आधी टॉर्च फिरवला, तेव्हा तिसऱ्या ओळीत पाच पुंगळ्यांत करडी पातळी शेजारच्यांपेक्षा वर होती. हात थंड पडले. त्याच्या वर्षभर आधी रेंजवर एक रिव्हॉल्व्हर पाहिली होती, सिलिंडरच्या वरच्या तीन कप्प्यांची भिंत उडालेली, वरची पट्टी धनुष्यासारखी वाकलेली. ती चालवणाऱ्या गृहस्थांचा हात वाचला, एवढंच.

तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात राहतो. प्राइमर बसवलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उलट्या, तोंड खाली. एक उचलायची, भरायची, सरळ ठेवायची. उलटी म्हणजे रिकामी, सरळ म्हणजे भरलेली. कोणी हाक मारली तरी ठोकळा स्वतःच सांगतो कुठे थांबलो ते. शिवाय एखादा प्राइमर राहिला किंवा उलटा बसला तर तोही दिसतो. .३०८ सारख्या बारीक मानेच्या पुंगळ्या उलट्या नीट उभ्या राहत नाहीत, म्हणून तिथे दोन ठोकळे: डावीकडे रिकाम्या, उजवीकडे भरलेल्या. टेबलावर दारूचा डबा एकच.

टॉर्च मात्र चुकवू नका, आणि पाहताना जास्त भरलेलीच नव्हे, रिकामी राहिलेलीही शोधा. बिनदारूच्या काडतुसात नुसता प्राइमर गोळीला नळीत ढकलून अडकवतो, आणि मागची दुसरी गोळी त्याच नळीत सुटते. नवी मुलं म्हणतात, काट्यावर वजन केलंय ना, मग कशाला बघायचं. काटा एका पुंगळीचं सांगतो, पन्नासांचं नाही. एका जरी पुंगळीची शंका आली तर मी ती ओळच्या ओळ डब्यात परत ओततो आणि पहिल्या भोकापासून सुरू करतो.