स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर सिग्नल रेकॉर्ड करायचाय? आधी नक्की काय साठवायचंय ते ठरवा

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते दाखवणारं मशीन. बरेच जण त्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि म्हणतात झालं रेकॉर्डिंग. स्क्रीनशॉट रिपोर्टात चिकटवायला बरा, पण नंतर त्यातून एकही आकडा धड काढता येत नाही, त्यामुळे निदान ट्रेस (स्क्रीनवरची रेघ) तरी सीएसव्हीमध्ये, म्हणजे आकड्यांच्या साध्या फाइलमध्ये, सेव्ह करा.

जोडायच्या आधी इनपुटची मर्यादा बघा, कनेक्टरशेजारीच छापलेली असते. बऱ्याच बेंच मशीनना +३० डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) म्हणजे १ वॅट चालतं, आणि ५ वॅटचा वॉकीटॉकी देतो +३७, थेट लावला तर पुढचा भाग उडालाच समजा. मध्ये ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) टाका म्हणजे −३ वर येतं, फक्त तो तेवढे वॅट झेलणारा हवा.

आता आरबीडब्ल्यू (रिझोल्यूशन बँडविड्थ), म्हणजे मशीन एका वेळी बघतं त्या पट्टीची रुंदी. १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणला की नॉइज फ्लोअर (तळाच्या गोंगाटाची पातळी) १० डीबी खाली जातो, बारीक सिग्नल वर दिसायला लागतात, मस्त वाटतं, पण स्वीप मॉडेलमध्ये तोच स्पॅन (फ्रिक्वेन्सीचा पूर्ण पट्टा) घ्यायला साधारण १०० पट वेळ लागतो (पट्टा तुकड्याने एकदम मोजणाऱ्या एफएफटीवाल्या मशीनमध्ये एवढा फरक पडत नाही). आणि खरी गोची इथेच आहे, कारण स्वीप मशीन एका क्षणी एकाच छोट्या पट्टीत बघत असतं. ४३३.९२ मेगाहर्ट्झचं रिमोट बटण दाबलं आणि तेव्हा स्वीप भलतीकडेच असला तर स्क्रीनवर काहीच येत नाही, मग लोक रिमोटलाच नावं ठेवतात.

यावर लोक मॅक्स होल्ड लावतात, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर दिसलेली सगळ्यात मोठी पातळी स्क्रीनवर धरून ठेवतात. पीक डिटेक्टर (प्रत्येक बिंदूला सगळ्यात मोठं रीडिंग घेणारा) ठेवून थोडा वेळ चालू द्या, बर्स्ट म्हणजे क्षणभराचा सिग्नल सापडतो. पण मॅक्स होल्डमध्ये वेळ पुसली जाते, दोन सिग्नल एकदम आले की एकामागून एक ते कळत नाही. वेळ हवी असेल तर झिरो स्पॅन करून (एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबून वेळेनुसार बघणं) व्हिडिओ ट्रिगर (सिग्नल ठरावीक पातळी ओलांडला की मोजणी सुरू) लावा, पल्स किती लांब आहे ते सरळ मोजता येतं.

नंतर डीमॉड्युलेट करायचं (सिग्नलमधली माहिती बाहेर काढायची) असेल तर मात्र आयक्यूला, म्हणजे सिग्नलची ताकद आणि फेज दोन्ही जपणाऱ्या कच्च्या सॅम्पलना, पर्याय नाही. साधा आरटीएल-एसडीआर डोंगलसुद्धा (कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) चालतो, पण जागेचा हिशोब करा: सेकंदाला २४ लाख सॅम्पल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे मिनिटाला २८८ एमबी. बऱ्याचदा अगदी मधोमध डीसीचा खोटा खिळा (रिसीव्हरनेच तयार केलेलं शिखर) उभा असतो, म्हणून सेंटर फ्रिक्वेन्सी सिग्नलपासून थोडी बाजूला ठेवा. गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) भरमसाट वाढवू नका, क्लिप झालेली (मर्यादेबाहेर जाऊन छाटली गेलेली) फाइल नंतर कशानेच सुधारत नाही.

एखादं शिखर खरं की मशीननेच तयार केलेलं अशी शंका आली तर आतला अटेन्युएटर १० डीबीने वाढवा. खरं असेल तर जागेवर राहतं (मशीन रीडिंग भरून काढतं), ओव्हरलोडने आलेलं असेल तर खाली येतं. हे रेकॉर्ड दाबायच्या आधीच करा हां.

फाइलच्या नावात सेंटर, सॅम्पल रेट, गेन, वेळ टाका, बाहेरचा अटेन्युएटर किती होता तेही लिहा, कारण ते ४० डीबी मशीनला आपोआप कळत नाहीत. आणि केबल काढायच्या आधी फाइल एकदा उघडून बघा.