ट्रायथलॉनला स्वयंसेवक म्हणून उभं राहताय? मग या चुका टाळा

पहिल्या गटातले ४२ जण पाण्यात उतरले होते आणि काठावर बाहेर आले ४१. सकाळचे सव्वासात वाजले होते. मोजणाऱ्या ताईंनी कागद पुन्हा तपासला, पुन्हा ४१च. पुढची पंचवीस मिनिटं तलावावर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. दोन्ही बोटी माघारी वळवल्या, जीवरक्षकांनी मार्ग दाखवायला पाण्यात सोडलेल्या तरंगत्या बोयांच्या खाली बुड्या मारल्या, दुसऱ्या गटाची सुरुवात थांबवली. शेवटी तो माणूस सापडला तो नाश्त्याच्या मंडपात. टॉवेल गुंडाळून पोहे खात होता.

पायात गोळा आला म्हणून त्याने कायाक, म्हणजे पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी छोटी वल्ह्याची होडी, पकडली होती. कायाकवरच्या मुलाने त्याला धीर दिला आणि जवळच्या, म्हणजे पलीकडच्या काठावर सुखरूप सोडलं. मुलाने सगळं बरोबर केलं होतं, फक्त ते कुणाला सांगितलं नव्हतं. दोष त्याचा नाहीच. सांगायचं असतं हे आम्ही त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

गेली काही वर्षं मी अशा छोट्या स्पर्धांमध्ये स्वयंसेवकांचं काम बघतो. बहुतेक ठिकाणी अंतर स्प्रिंट प्रकाराचं असतं : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू झाली (१.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकलवर, २१.१ धावत), त्यानंतर आपल्याकडे हौशी लोकांचा ओढा फार वाढला. गावोगावी तलाव, धरणं, खाड्या शोधून लोक स्पर्धा भरवू लागले आहेत. स्पर्धक महिनोन्‌महिने तयारी करून येतात. स्वयंसेवकांची तयारी मात्र आदल्या रात्रीच्या व्हॉट्सॲप मेसेजवर भागवली जाते. घोटाळे होतात ते तिथून.

पाण्याकाठची मोजणी नाव-नोंदणीच्या यादीवरून करू नका

नाव नोंदवलेले सगळे येत नाहीत. नंबर घेऊन गेलेलेही सगळे उतरत नाहीत. कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणी पाणी बघून माघार घेतो. म्हणून खरा आकडा एकच : पाण्यात प्रत्यक्ष किती जण उतरले. त्यासाठी काठावर दोरी बांधून एकच वाट ठेवा आणि तिथे दोघांनी वेगवेगळं मोजा. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. सगळे उतरल्यावर आकडे जुळवायचे. बाहेर येण्याच्या वाटेवरही अशीच दुसरी जोडी हवी. पायातली चिप चटईवरून जाताना वेळ नोंदवते, पण चिप निसटते, पाण्यात पडते, कधी चटई वाचत नाही. चिप वेळेसाठी असते, माणसं मोजायला माणूसच लागतो.

टोप्यांचे रंग गटागटाला वेगळे ठेवले असतील तर मोजणी सोपी जाते. पण बाहेर पडल्या पडल्या अर्धे लोक टोपी काढून हातात घेतात. त्यामुळे रंगावर विसंबून राहू नका, दंडावरचा नंबर वाचा.

कुणी मध्येच बाहेर काढला गेला, तर तीन गोष्टी त्याच क्रमाने करायच्या : त्याचा नंबर वॉकीटॉकीवर सांगायचा, त्याची चिप काढून घ्यायची, आणि त्याला एकटं न सोडता सोबत नेऊन मोजणीच्या टेबलापर्यंत पोचवायचं. माणूस ओशाळलेला असतो, गुपचूप निघून जायला बघतो. त्याच्या खांद्यावर टॉवेल टाका, दोन शब्द बोला, पण टेबलावर त्याच्या नावापुढे खूण झाल्याशिवाय सोडू नका.

वॉकी पाण्यात भिजून बंद पडला तर? शिट्टी आणि झेंडा. आदल्या दिवशीच ठरवून ठेवा की लाल झेंडा म्हणजे मदत पाठवा, पिवळा म्हणजे एक जण बोटीत घेतलाय. दहा मिनिटांचं काम आहे.

कायाकवर कोण बसतं, हे हलक्यात घेऊ नका

उत्साही पोरं कायाक मागून घेतात, कारण तिथून फोटो चांगले येतात. ज्याला स्वतःला पोहता येत नाही, उलटलेली कायाक सरळ करता येत नाही, त्याला तिथे बसवू नका. तो कितीही जवळचा असला तरी नाही.

या कामातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाजाची वाट बघणं. बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याच्याकडे तोच नसतो. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे टाकलेलं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबणारे, शरीर उभं आणि पुढे सरकणं थांबलेलं. एवढंच दिसतं, आणि हे सगळं मिनिटाच्या आत होतं. हात वर करून मदत मागणारा दमलेला असतो, घाबरलेला असतो, पण त्याच्याकडे अजून थोडा वेळ असतो. गप्प असलेल्याकडे तो नसतो.

अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या घटनांचा अभ्यास झाला होता. अचानक मृत्यू आणि हृदय बंद पडणं अशा १२० घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. म्हणून कायाक सगळ्या रेषेवर सारख्या पसरू नका. पहिल्या बोयाच्या आसपास जास्त ठेवा. सुरुवातीची गर्दी, थंड पाण्याचा धक्का, कुणाची तरी लाथ, आणि धाप लागलेली, हे सगळं पहिल्या दोनशे मीटरमध्येच एकत्र येतं.

थकलेल्या पोहणाऱ्याला कायाकचं टोक धरू द्या. त्याने तिथे विसावा घेतला म्हणून तो बाद होत नाही. कायाकने त्याला पुढे ओढून नेलं तरच होतो. बाजूने धरू देऊ नका, कायाक उलटते. त्याला वर ओढायचा प्रयत्न तर मुळीच नको, ते बोटीचं काम. तुम्ही बोलत राहा : "पाठीवर पडा, आकाशाकडे बघा, मी इथेच आहे." दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर आला की पुष्कळ जण स्वतःहून पुढे जातात. आणि तुमचं तोंड पोहणाऱ्यांकडे असू द्या, किनाऱ्यावरच्या ढोलताशांकडे नाही.

ट्रान्झिशनमध्ये मदतीचा उमाळा आवरा

ट्रान्झिशन म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायची आणि नंतर ती ठेवून धावायला निघायची जागा. पोहून आलेला माणूस लडखडत येतो. हेल्मेटचा पट्टा लावताना त्याची बोटं थरथरत असतात. बघवत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही पट्टा लावून दिलात किंवा सायकल धरून दिलीत तर ती बाहेरची मदत ठरते आणि दंड त्याला बसतो. हात मागे बांधा आणि नजर हेल्मेटवर ठेवा : रॅकवरून सायकल काढण्याआधी पट्टा लागलेला हवा, आणि परत येऊन सायकल रॅकवर ठेवेपर्यंत तो सुटता कामा नये. उघडा दिसला तर तिथल्या तिथे मोठ्याने सांगा. सायकलवर बसायला आखलेल्या रेषेच्या आधीच टांग मारणाऱ्यालाही तसंच.

चिप डाव्या पायात आहे ना, हे सकाळीच बघा. सायकलची साखळी उजवीकडे असते, पट्टा तिच्यात अडकायला नको.

कुणाची बॅग वाटेत आली म्हणून सरकवू नका. स्पर्धकाने आपली जागा रॅक मोजून, झाडाची खूण धरून पाठ केलेली असते. तुम्ही बॅग दोन हात सरकवली की तो धापा टाकत पाच मिनिटं शोधत बसतो. आणि आई-वडील, मित्र, फोटो काढणारे चुलतभाऊ यांना आत सोडू नका. वाईटपणा येतो, पण इथे तो घ्यावाच लागतो. सायकल बाहेर नेताना सायकलवरचा नंबर आणि मनगटावरचा नंबर जुळलाच पाहिजे, मग समोर ओळखीचा माणूस असला तरी. लाख-दोन लाखांच्या सायकली असतात त्या.

रस्त्यावर वळणाच्या पुढे उभं राहू नका

नवखा मार्शल, म्हणजे रस्त्यावर दिशा दाखवणारा स्वयंसेवक, हमखास वळणाच्या कोपऱ्यावर किंवा त्याच्याही पुढे उभा राहतो. सायकलस्वार ताशी ३६ किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला १० मीटर येतो. दहा मीटरवर तुम्ही हात वर केलात तर त्याच्याकडे उरतो एक सेकंद. वळणाच्या ४०-५० मीटर आधी एक जण हवा आणि वळणावर दुसरा. हात पूर्ण लांब करून दिशा दाखवा, बोटाने नाही. तोंडाने एकच शब्द म्हणा, "डावीकडे". "इकडून इकडून" म्हटलेलं वाऱ्यात कुणाला कळत नाही. गतिरोधक, रस्त्यावर सांडलेली खडी, ओलं शेण, या गोष्टी आधीच ओरडून सांगा. पहाटे येऊन आपल्या दोनशे मीटरमधली खडी स्वतः झाडून काढणारा एक निवृत्त गुरुजींसारखा माणूस मिळाला, तर पुढच्या वर्षीही त्याला आधी फोन करा.

नोव्हेंबरनंतर स्पर्धा असेल तर उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. दोन ट्रॉल्या मागे, वर ऊस बाहेर आलेला, आणि टेपवर गाणी लागलेली. चालकाला तुमची शिट्टी ऐकूच जात नाही. स्वयंसेवकाने ट्रॅक्टरसमोर जाऊन उभं राहायचं नसतं. गाड्या थांबवणं पोलिसांचं काम, तुमचं काम स्पर्धकाला सावध करणं. आदल्या आठवड्यात कारखान्याच्या गटकार्यालयात आणि वाटेतल्या गावच्या सरपंचांना जाऊन भेटून या. दोन तास ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्याने जातात, असा माझा अनुभव आहे. पत्र पाठवून हे होत नाही, चहाला बसावं लागतं.

"आता थोडंच राहिलं!" असं म्हणू नका. त्याला अजून आठ किलोमीटर जायचे असतील तर तो मनातून खचतो. अंतर नक्की ठाऊक असेल तर आकडा सांगा, नाहीतर फक्त नाव घेऊन हाक मारा. फेऱ्या मोजून देण्याचं तर मुळीच अंगावर घेऊ नका. "तुमची शेवटचीच फेरी" असं एका उत्साही मुलीने सांगितल्यावर दोघे एक फेरी कमी मारून आले आणि बाद झाले. त्यांच्यासारखीच तीही रडत होती.

आणि जागा सोडू नका. "बहुतेक शेवटचा गेला" हे कारण चालत नाही. शेवटच्या स्पर्धकामागे येणारी गाडी किंवा मोटरसायकल तुमच्यापाशी थांबून "झालं" म्हणेल तेव्हाच निघायचं. शेवटून तिसरी येणारी बाई एकटीच रिकाम्या तिठ्यावर पोचते आणि कुठे वळायचं ते तिला कळत नाही, असं दृश्य मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा मार्शल वडापाव आणायला गेला होता. म्हणून नाश्ता त्याच्या जागेवर पोचवा, आणि एका जागी शक्यतो दोघे ठेवा.

पाण्याचं टेबल

पेला वरच्या कडेला दोन बोटांत धरा, हात लांब करा आणि धावणाऱ्याच्या बाजूने दोन पावलं चाला. मुठीत घट्ट धरलेला पेला निम्मा सांडतो. साधं पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी यांची टेबलं वेगळी ठेवा आणि ओरडून सांगा कोणतं काय आहे. डोक्यावर ओतून घेतलेलं इलेक्ट्रॉल दिवसभर चिकटतं. केळी अर्धी कापून सालीसकट ठेवली तर चालतात, पण साल टाकायचा डबा टेबलापासून पन्नास पावलं पुढे ठेवा, कारण खाल्लेलं तिथे संपतं. उकडलेले बटाटे मीठ लावून ठेवले की शहरातलेही आवडीने खातात.

"अजून प्या, अजून प्या" असा आग्रह मात्र नको. आपल्याकडे पाहुणचाराची सवय असते, पण नुसतं पाणी फार पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि माणूस कोसळतो. तहानेपुरतं पिऊ द्या. आणि पहिल्या दीडशे जणांना भरभरून देऊन शेवटच्या वीस जणांना रिकामे कॅन दाखवू नका. ते सगळ्यात जास्त वेळ उन्हात असतात. एक कॅन टेबलाखाली झाकून ठेवा, त्यांच्या नावाने.

शेवटच्या रेषेवर

पदक गळ्यात घालण्याची घाई करू नका. आधी त्याला चालतं ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी, दहा पावलं. धावणं अचानक थांबलं की रक्त पायांत साठतं आणि चक्कर येते. खाली बसलाच तर आडवं करून पाय वर उचला. मग नाव विचारा, गाव विचारा. उत्तर भलतंच आलं, तो चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेलं असेल, तर उष्माघात समजा. डॉक्टरांना हाक मारा आणि त्याच क्षणी बर्फाचं पाणी अंगावर, काखेत, मानेवर. आधी थंड करायचं, मग रुग्णवाहिका. उलट क्रमाने केलेला उशीर महागात पडतो. त्याच्या नंबरच्या मागे घरच्यांचा फोन लिहिलेला असतो. तो सकाळीच लिहून घेतला आहे ना, हे बघणं नंबर वाटणाऱ्यांचं काम.

आवराआवर सुरू झाली की मंडपवाला रॅक सोडायला येतो. त्याला थांबवा. रॅकवर एखादी सायकल उरली असेल तर ती कुणाची, तो माणूस कुठे आहे, हे कळेपर्यंत एक दांडीसुद्धा हलवू द्यायची नाही. नंबर बघा, मोजणीचा सकाळचा कागद काढा, फोन लावा. बहुतेक वेळा तो मागच्या झाडाखाली पाय पसरून झोपलेला असतो. तरीही फोन लावा.