बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसाला डिप्रेशन आलं तर काय करायचं

सगळ्यात आधी "तो आहेच तसा" म्हणणं थांबवा. माणूस जेवण टाकतो, रात्रभर जागतो, हात चावून घेतो, आवडती गाणी लावली तरी वळून बघत नाही आणि घरचेच काय, कधी डॉक्टरही म्हणतात अक्षमतेमुळेच असेल, आणि महिने असेच जातात. "मला उदास वाटतंय" हे त्याला शब्दात सांगता येईलच असं नाही, त्यामुळे आधी कसा होता आणि आता काय बदललं तेच बघायचं. रोजची झोप, खाणं, रडणं, चिडणं वहीत लिहा, दर आठवड्याला वजन करा. दोन आठवडे बदल टिकला तर डॉक्टरकडे जा (स्वतःला इजा करत असेल तर त्याच दिवशी), वही सोबत न्या.

तिथे आधी शरीराची तपासणी करून घ्या, हे अजिबात सोडू नका. दातदुखी, बद्धकोष्ठता, कमी ऐकू येणं यानेही माणूस असाच गप्प होतो. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईड आणि झोपेत श्वास अडकतो का ते बघायलाच हवं, आणि चाळिशीच्या आसपास असेल तर डिमेन्शियाचाही (स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार) विचार करावा लागतो. फिटच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटॅम, मूड बिघडतो, तेही विचारा (पण मनाने बंद करू नका, फिट येऊ शकते).

मग घरात काय बदललं ते आठवा. कोणी गेलं, सांभाळणारी बाई बदलली, बहिणीचं लग्न झालं? "त्याला काय कळतंय" म्हणून मृत्यू लपवतात ते मला फार चुकीचं वाटतं, साध्या शब्दात, फोटो दाखवून सांगा, परत परत विचारेल तर परत परत सांगा.

बोलून करायची थेरपी यांनाही देता येते, फक्त छोटी सेशन्स, चित्रं, आणि सोबत ओळखीचं माणूस लागतं. घरी आवडीचं एक छोटं काम रोज ठरलेल्या वेळी त्याच्यासोबत करा, इच्छा होईल तेव्हा करू म्हणून थांबू नका कारण या आजारात इच्छाच मरते.

गोळ्या लागल्या तर कमी डोसने सुरुवात, हळूहळू वाढ, फरक दिसायला चार-सहा आठवडे. सुरुवातीला अस्वस्थपणा वाढला तर लगेच कळवा. नुसतं शांत बसवायला सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या) गोळ्या दिल्या तर कशासाठी ते स्पष्ट विचारा. मरायचंय असं बोलला किंवा स्वतःला इजा करायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, एकटं सोडू नका. आणि बरं वाटलं तरी गोळी साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत.